उंबऱ्यापर्यंतची शाळा

मास्तरकी केलेल्या माणसाला आठवणी जमवाव्या लागत नाहीत, त्या आपोआप साठतात. चार मित्र जमले, कुणी चहा सांगितला, की माझ्याकडे बोट होतंच: "हां मास्तर, सांगा तुमच्या वेल्ह्याकडच्या शाळेचं काहीतरी!" मी हसवायच्या तयारीने सुरुवात करतो. लोक हसतातही. पण सांगता सांगता माझंच डोकं तापत जातं आणि शेवटी चहा गार होतो. आजही होणार, म्हणून आधीच पिऊन घ्या!

संस्थानी अंमल होता. मी भोरचा, नुकता ट्रेनिंग झालेला, टोपीसुद्धा सरळ घालणारा. नेमणूक झाली गुंजवणी नदीच्या काठच्या एका गावात, दुय्यम मास्तर म्हणून. शाळा अल्याड आणि पल्याड एक वाडी. मध्ये नदी. उन्हाळ्यात पोरं ढोपरभर पाण्यातून यायची. पण मृग लागला की दिवाळीपर्यंत ती नदी नदीसारखी वागायची, आणि आमचे हेडमास्तर केशवराव हेडमास्तरांसारखे. या दोघांच्या मधे ती पोरं. माझे सगळे किस्से त्या मधल्या जागेतले आहेत.

* * *

रुजू झाल्यावर पहिलं काम, पटावर मुलं वाढवायची. मी उत्साहाने नदी ओलांडून वाडीत गेलो. पहिल्याच घरात गुणाबाई भेटली. नवरा मुंबईला गोदीत, घरी ती, सासू आणि मुलगी तानी. तानी दारात उभी राहून माझ्या टोपीकडे टक लावून बघत होती.

मी म्हणालो, "बाई, मुलगी शाळेच्या वयाची झाली. नाव घाला."

गुणाबाई म्हणाली, "घालनार की. फुडल्या साली."

"पुढल्या साली कशाला? वय झालंय तिचं!"

"पोरीचं झालंय मास्तर, भोपळ्याचं न्हाई झालं!"

मला वाटलं, बाई थट्टा करते आहे. तिने मला परसात नेलं आणि मांडवावर चढलेला वेल दाखवला. मग समजलं. मोठे दुधे भोपळे वेलावरच पिकू द्यायचे, छपरावर खडखडीत वाळवायचे आणि दोन-दोन भोपळे दोराने एकत्र बांधायचे. ती झाली सांगड. तिच्यावर छाती टेकून पोराने पडायचं आणि मोठ्या माणसाने मागून पोहत ढकलायचं. वाडीत रीतच होती. पोर शाळेत घालायचं ठरलं की आदल्या वर्षी त्याच्या नावाचा वेल लावायचा. पाटी नंतर, भोपळा आधी!

ट्रेनिंग कॉलेजात मला बालमानसशास्त्र शिकवलं होतं. भोपळ्याचं कुणी बोललं नव्हतं.

* * *

पुढच्या साली तानी शाळेत आली. वाडीतल्या सगळ्याच पोरांना गुणाबाई आणि तिची एक जाऊ आळीपाळीने नदी पार करून द्यायच्या. गुणाबाई पोहायला अशी तयार की वाडीतल्या गड्यांनी तिच्या नादी लागू नये.

आता शाळेतलं स्वागत ऐका. अकराची घंटा झाली की केशवराव दारात उभे. हातात छडी, नाकावर चष्मा. घंटेनंतर जो येईल त्याने अंगठे धरायचे. अल्याडची पोरं घरून भाकरी खाऊन, कोरड्या अंगाने, खिदळत वेळेवर यायची. पल्याडची पोरं डोक्यावर इरलं, केसातून पाणी, दात वाजताहेत, अशी धापा टाकत यायची आणि ओळीने अंगठे धरून उभी राहायची. त्यांच्या अंगातून गळणाऱ्या पाण्याने ओसरी ओली व्हायची, म्हणून केशवराव पुन्हा ओरडायचे ते वेगळंच.

एकदा त्यांनी तानीला विचारलं, "काय गं, घरून लवकर निघायला काय होतं तुला?"

ओणवी असलेली तानी खालूनच म्हणाली, "मी लवकर निगाले गुर्जी. पानी उशिरा उतरलं!"

सगळा वर्ग हसला. केशवरावांनी तिला आणखी अर्धा तास ओणवं ठेवलं. उलट उत्तर दिल्याबद्दल! मी आत जाऊन म्हणालो, "अहो, खरं तेच सांगितलं तिने." तर म्हणाले, "मास्तर, नदीचं वेळापत्रक मला खात्याने दिलेलं नाही. शाळेचं दिलं आहे."

* * *

त्याच सुमारास डोंगराच्या अंगाला कारवीत बिबट्या उतरला. त्या भागात त्याला सगळे वाघरूच म्हणतात. दोन शेरडं गेली, एक कुत्रं गेलं. अल्याडच्या गावातली एका धनगराची पोरं त्याच वाटेने शाळेत यायची. त्यांच्या बापाने येऊन विचारलं, "गुर्जी, चार दिस शाळेचा शिपाई पाठवता का खिंडीपतूर?"

केशवरावांनी वर कळवलं. आमचे दिपोटी, म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब, मोठे तत्पर. आठवड्यात हुकूम आला. केशवरावांनी तो सगळ्या शाळेसमोर खणखणीत आवाजात वाचला: "मार्गात हिंस्र श्वापद आढळल्यास विद्यार्थ्याने ती गोष्ट विनाविलंब वर्गशिक्षकाच्या निदर्शनास आणावी."

 त्या धनगराच्या थोरल्या पोराने हात वर केला. अगदी गंभीरपणे विचारतो, "गुर्जी, म्हंजी वाघरू दिसलं तर त्येच्याच अंगावरनं फुडं शाळंत यायचं का? कारन मागं फिरलो तर तुमी गैरहजेरी लावताय!"

केशवरावांनी हुकूम पुन्हा एकदा वाचून पाहिला. त्यात त्याचं उत्तर नव्हतं. त्यांनी पोराला खाली बसवलं आणि पाढे सुरू केले.

वाघरू पुढे आपणहून निघून गेलं. कंटाळलं असावं. खात्याचा मात्र समज झाला की हुकमाचा परिणाम झाला!

* * *

मी तरुण होतो. मला वाटायचं, नीट अर्ज केला की सरकार नीट वागतं. मी ठरवलं, नदीवर एक साकव मागायचा. पक्का पूल नको, कमान नको. चार ओंडके, वर फळ्या, धरायला दोर. कोकणात जिथे तिथे असतात तसला. अर्ज मी स्वतः लिहिला. मुलं पाण्यातून कशी येतात, आया कशा ढकलत आणतात, सगळं लिहिलं. पाटलांची सही घेतली. पाटील म्हणाले, "नदी दरबारची हाय. दरबारानं बगावं." मामलेदार कचेरीत गेलो तर म्हणाले, "मुलं शिक्षणखात्याची. खात्याने बघावं." खात्यात गेलो तर म्हणाले, "शाळेत असतात तेवढा वेळ मुलं आमची. वाटेवर असतात तेव्हा पालकांची." पालकांना विचारायची सोयच नव्हती, ते पाण्यात होते!

अर्ज फिरला. किती टेबलं फिरला ते देव जाणे. वर्ष उलटलं. मग एक दिवस उत्तर आलं. मी केशवरावांच्या खुर्चीमागे उभा राहून वाचलं. मला ते अजून तोंडपाठ आहे: "सदर मुले आपल्या वाडीतच राहिल्यास साकवाची आवश्यकता उद्भवत नाही."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. केशवराव मात्र शांत. कागदाची घडी घालून म्हणाले, "उत्तर नियमाला धरून आहे."

* * *

आता दिपोटीसाहेबांची तपासणी. तुम्ही हसाल, पण पुढचं सगळं महाभारत या हसण्यातूनच झालं.

पल्याडची पोरं आपापल्या सांगडी शाळेत आणायची आणि ओसरीच्या कडेला ओळीने ठेवायची. संध्याकाळी सुटली की उचलायची, नदीवर जायची. आम्हाला ते इतकं सवयीचं की कुणी बघायचंही नाही.

साहेब आले. कोट, रेशमी काठाचं धोतर, पायात चकचकीत पंपशू. तट्टावरून उतरले आणि ओसरीवर पाय ठेवायच्या आधीच थबकले. समोर भोपळ्यांची रांग!

"केशवराव, हे काय?"

"भोपळे, साहेब."

"ते दिसतंय मला. शाळेत कशाला? कुणी आणले?"

"मुलांनी, साहेब."

साहेबांचा चेहरा कठोर झाला. त्या काळात काही मास्तर पोरांकडून शिधा-भाजी उकळायचे, हे खरं आहे. साहेबांना वाटलं, हेडमास्तरांनी आख्खं दुकान मांडलंय! केशवराव घाबरले. आयुष्यात कधी नव्हे ते खरं सांगायची वेळ आली होती, तर जीभ टाळूला चिकटली. मी पुढे होऊन म्हणालो, "साहेब, मुलं यावर नदी ओलांडतात."

साहेब माझ्याकडे बघत म्हणाले, "भोपळ्यावर?"

"होय साहेब."

"भोपळ्यात बसून?" साहेबांनी मागे उभ्या असलेल्या कारकुनाकडे बघून डोळा घातला. दोघंही खो खो हसले. लहानपणी ऐकलेली म्हातारी त्यांना आठवली असावी. त्यांना नदी दाखवावी म्हणून मी म्हणालो, "साहेब, दहा पावलांवर आहे, चला." पण वर ढग होते, खाली चिखल होता आणि पायात पंपशू होते. साहेबांनी जागेवरच शेरा मारला: "शाळेच्या आवारात भाजीपाला ठेवू नये."

साहेब जेवायला पाटलांकडे गेले. तिथे भोपळ्याचीच भाजी होती म्हणतात!

दुसऱ्या दिवसापासून केशवरावांनी सांगडी शाळेत आणायला बंदी घातली. मी भांडलो. ते म्हणाले, "काठावर ठेवू दे. शाळेची जबाबदारी उंबऱ्याच्या आत. भोपळे उंबऱ्याच्या आत येतात का? नाही ना? मग संपलं!"

* * *

पोरं सांगडी काठावर, करंजाच्या झाडाखाली ठेवू लागली. तिथेच दुपारी म्हशी पाण्यावर यायच्या. म्हशीला शेरा वाचता येत नाही. तिने कुठल्या भोपळ्यावर पाय दिला, कुणी पाहिलं नाही. वाळलेला भोपळा चिरला तरी वरून दिसत नाही, पाण्यात गेल्यावरच कळतं.

भाद्रपदातली संध्याकाळ. गुणाबाई एका लहान पोराला पुढे ढकलत होती. तानी आता मोठी झाली होती, चौथीत, म्हणून ती एकटीच मागोमाग येत होती. मधल्या धारेला लागल्यावर तिची सांगड एका अंगाने बसायला लागली. भोपळ्यात पाणी शिरलं होतं. तानी ओरडली ते जावेने काठावरून ऐकलं, गुणाबाईला पाण्याच्या आवाजात ऐकूच गेलं नाही. जावेने तिच्याजवळ पाण्यात दगड मारला तेव्हा गुणाबाईने वळून पाहिलं. हातातलं पोर तिने खडकाला लावलं आणि तशीच उलटी पोहत मागे फिरली. तानीची वेणी तेवढी वर होती. तिने वेणीला धरून पोरीला बाहेर काढलं.

मी शाळेत पाट्या पुसत होतो. आरडाओरडा ऐकून धावलो तोवर सगळं होऊन गेलं होतं. पल्याड गुणाबाई पोरीला पालथी घालून पाठीवर थापट्या मारत होती. मला नुसता तिचा हात वरखाली होताना दिसत होता.  मी तिथेच चिखलात बसलो.

तानी जगली. चार दिवसांनी शाळेत आली, आई बरोबर होती. केशवरावांनी वर पाहिलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस म्हणेल, "ये बाळ, बस." केशवराव म्हणाले, "पाटी कुठं आहे?"

तानी म्हणाली, "व्हावून गेली, गुर्जी."

"वाहून गेली? अशी कशी वाहून गेली? पाटी शाळेची होती! डेडस्टॉकात, शाळेच्या सामानाच्या वहीत, नोंद आहे तिची! आता वर काय कळवू मी?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात गुणाबाई उंबऱ्याच्या आत आली. पदर खोचलेला, आवाज अगदी थंड.

"हेडमास्तर, त्या तुमच्या डेडस्टॉकात माज्या तानीचं बी नाव घाला. म्हंजी ती व्हावून गेली तर तुमी इचाराल तरी!"

 केशवरावांनी चष्मा काढून पुसला. पुसतच राहिले.

* * *

त्यानंतर मी रोज शाळा सुटल्यावर काठावर जाऊ लागलो. सांगडी पाण्यात बुडवून बघायच्या, दोर ओढून बघायचे, पल्याड पोचेपर्यंत उभं राहायचं. गुणाबाई हात करायची, मग मी खोलीवर परतायचो. पोहायला मला येत नव्हतं, हे पोरांना माहीत होतं. एक पोरगं मला म्हणालंही, "गुर्जी, तुमी बुडलासा तर आमी काडू, भिऊ नगा!"

आठवडाभरात केशवरावांनी बोलावलं.

"मास्तर, शाळा सुटल्यावर तुम्ही नदीवर जाता असं कानावर आलंय."

"जातो."

"जाऊ नका."

"का?"

"तुम्ही तिथे नसताना मूल बुडालं तर तो अपघात. तुम्ही असताना बुडालं तर शाळेची जबाबदारी!"

नीट ऐका हं! म्हणजे पोर वाचवायचा प्रयत्न केला की गुन्हा, पाठ फिरवली की नियम! मी म्हणालो, "मग मी शाळेचा मास्तर म्हणून जात नाही. संध्याकाळी फिरायला जातो. वैद्याने सांगितलंय."

"कुठल्या वैद्याने?"

"भोरच्या."

मी फिरायला जात राहिलो. माझी बदली व्हावी म्हणून केशवरावांनी प्रयत्न केले म्हणतात. पण त्या गावात यायला दुसरा कुणी तयार नव्हता, त्यामुळे माझी नोकरी अगदी सुरक्षित होती!

* * *

तानी सातवीला आली ते लढाईचे दिवस. रॉकेल नाही, साखर नाही, पेट्रोल तर औषधालाही नाही. फायनलच्या परीक्षेचं केंद्र भोरला. तानी हुशार. आमच्या खोऱ्यातून त्या परीक्षेला बसलेली दुसरी मुलगी मला तरी माहीत नाही. तिचं सगळं वर्ष त्या दिवसांवर होतं. गुणाबाईने मला एकच विचारलं, "मास्तर, न्हेताल आनि आनताल न्हवं?" मी म्हणालो, "नेईन आणि आणीन."

नसरापुराहून मोटर मिळाली. कोळशाच्या गॅसवर चालणारी. मागे ही एवढी मोठी भट्टी, चढ आला की उतारूंनी खाली उतरायचं आणि ढकलायचं. केशवराव ड्रायव्हरशेजारी बसले. मी आणि मोठी पोरं टपावर, बोचक्यांत. ड्रायव्हरने विचारलं, "गुर्जी, ही पोरं तुमची न्हवं? नीट बगा, टपावरनं पडत्याल."

केशवराव पुढे बघत म्हणाले, "परीक्षेच्या हॉलपासून आमची. प्रवास पालकांचा."

ड्रायव्हर मनमोकळा हसला. त्याला वाटलं, गुरुजी विनोद करताहेत!

कापूरहोळला मोटर तापली. क्लिनरने डबे दिले आणि पोरांना विहिरीवर पिटाळलं. पाणी आलं, ओतलं, मोटर सुरू झाली. सुरू झालेली मोटर बंद करायची नाही हा त्या गॅसचा धर्म, पुन्हा पेटेल की नाही देवाला ठाऊक. केशवराव ओरडले, "चला, चला, उशीर होतोय!" मोटर हलली. टपावरून मी बघतो तर तानी विहिरीकडून डबा घेऊन पळत येतेय!

"थांबवा!" मी ओरडलो.

खालून केशवरावांचा आवाज आला, "एकीसाठी सगळ्यांची परीक्षा बुडवता काय?"

मी टपावरून उडी टाकली. धोतर फाटलं, ढोपर फुटलं, मोटर गेली. तानी डबा घेऊन माझ्यापुढे उभी. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. म्हणाली, "गुर्जी, डबा त्यांचाच हाय. टाकू का न्हेऊ?"

मी म्हणालो, "ने. नाहीतर तो डेडस्टॉकात असायचा!"

दोघंही हसलो आणि चालायला लागलो. पुढे एका भल्या गाडीवानाने बैलगाडीत घेतलं. उन्हं कलायच्या आत भोरला पोचलो. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. केशवराव धर्मशाळेच्या ओट्यावर बसले होते. मला पाहून म्हणाले, "आलात? बरं झालं. उगाच काळजी लागली होती." माझ्या फुटलेल्या ढोपराकडे त्यांचं लक्ष गेलं, लगेच दुसरीकडे वळलं. परतीच्या मोटरीत मी तानीच्या शेजारून हललो नाही. गुणाबाई नदीवर उभी होती. तिने पोरीला जवळ घेतलं आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

* * *

निकाल लागला. तानी पास! नुसती पास नव्हे, केंद्रात पहिल्या नंबराने! बातमी कळली आणि काय सांगू, त्या पोरीला रातोरात नातेवाईक फुटले. पाटील म्हणाले, "आमच्या गावची पोरगी." मामलेदार म्हणाले, "आमच्या तालुक्याची." आणि आषाढात, चिखल तुडवत, खुद्द दिपोटीसाहेब सत्काराला आले.

शाळेपुढे मांडव घातला. गुणाबाई नदी पार करून आली होती, ओल्या लुगड्यानेच एका बाजूला बसली. तानी पुढे, नव्या परकर-पोलक्यात. साहेबांनी तिच्या गळ्यात हार घातला आणि भाषणाला उभे राहिले. मी त्यांचं भाषण ऐकत होतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

"ही मुलगी कुणाची?" साहेब हात उंचावून म्हणाले. "ही आमची मुलगी आहे! शाळेची मुलगी आहे! खात्याची मुलगी आहे! घरापासून शाळेपर्यंत तिच्या प्रत्येक पावलामागे शाळा उभी होती!"

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात केशवरावांनी वाजवल्या.

मग रीत म्हणून साहेब म्हणाले, "मुलीच्या आईने दोन शब्द बोलावेत." लोक हसले. बाईमाणूस काय बोलणार! पण गुणाबाई उठली. पदर सावरला.

"सायेब, तानी तुमची म्हनालासा, त्ये खरं न्हवं?"

"अर्थात, बाई! शंका आहे का तुम्हाला?"

"न्हाई. येवड्या मान्सांदेखत म्हनालासा, शंका कशाची? बरं वाटलं. मंग आज तिला तुमीच घरी आनून सोडा. पानी चढाय लागलंय, लई येळ करू नगा."

आणि ती निघाली. कुणाला काही कळायच्या आत नदीवर पोचली, पाण्यात शिरली आणि एकटीच पल्याड गेली. आमच्याकडे वळून पाहिलं नाही. पल्याडच्या खडकावर बसली, पदर पिळला आणि या काठाकडे तोंड करून वाट बघत राहिली.

सगळा मांडव उठून काठावर आला. साहेब पुढे, कारण लोक मागून रेटत होते. नदी गढूळ, तांबडी, करंजाच्या मुळांपर्यंत आलेली.  केशवराव साहेबांच्या कानाशी लागून म्हणाले, "साहेब, घंटा केव्हाच झाली आहे. त्यामुळे नियमाप्रमाणे आता आपली..."

"गप्प बसा हो!" साहेब खेकसले. त्यांनी पल्याड पाहिलं. गुणाबाई हलली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी संध्याकाळी फिरायला आलेला माणूस, मी आभाळाकडे पाहिलं.

तानीने गळ्यातला हार काढून केशवरावांच्या हातात दिला. परकर खोचला, सांगड ओढून पाण्याला लावली आणि साहेबांच्या पायांकडे बघत अगदी अदबीने म्हणाली,

"सायेब, पंपशू हितंच काडा. पान्यात लई जड व्हत्यात!"